उजनीकाठचा नट आणि विद्यापीठीय अभिनयशिक्षण

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेच्या या धरणाचा फुगवटा एका काठाने माढा व करमाळा तालुक्यांत, तर दुसऱ्या काठाने पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत पसरला आहे. जलाशयाचे अधिकृत नाव 'यशवंतसागर' असले, तरी काठावरची माणसे 'उजनीचं पाणी' किंवा सरळ 'बॅकवॉटर' असेच म्हणतात. या पाण्याने जमीन आणि घरे घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्याबरोबरच गावांचे पार, चावड्या आणि देवळांची आवारेही त्याने घेतली, आणि भारूड, गोंधळ, सोंगे यांची रंगस्थळे तीच होती. ही गोष्ट धरणग्रस्तांविषयीच्या लेखनात क्वचितच नोंदली जाते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर आणि कुगावचा इनामदारांचा वाडा पुन्हा उघडा पडतो. पावसाळ्यात पुन्हा बुडतो.

याच काठावर चित्रित झालेला 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वी २०१३ चा 'फँड्री' येऊन गेला होता. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. 'फँड्री'तील सोमनाथ अवघडे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला, तर 'सैराट'साठी अकलूजच्या रिंकू राजगुरू हिची त्रेसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. दोघांनीही कोणत्याही नाट्यविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. त्यामुळे या भागातील महाविद्यालयांत एक समज रूढ झाला, तो असा की अभिनय ही शिकण्याची गोष्ट नव्हे; ज्याच्या अंगात असते, त्याला दिग्दर्शक शोधत येतो. विद्यार्थी हे बोलून दाखवतात आणि अध्यापकांपैकीही अनेकांना ते मनातून पटलेले असते. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली असून, विद्यापीठ अभिनय शिकवते म्हणजे नेमके काय करते आणि उजनीकाठच्या विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग व काय धोका आहे, याचा विचार केला आहे.

'अप्रशिक्षित' हा शब्द

वरील कलावंतांचा उल्लेख वृत्तपत्रांतून 'अप्रशिक्षित' असा झाला. हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातील केमचा. कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात तो हलगी वाजवताना मंजुळे यांच्या दृष्टीस पडला. हलगी वाजवणे म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला 'अप्रशिक्षित' हा शब्द खटकेल. कातडे शेकून नेमके ताणावर आणावे लागते. दोन्ही हातांतील काड्या वेगवेगळे काम करतात. मिरवणुकीची चाल, नाचणाऱ्याचे पाय आणि जोडीदाराचा ठेका यांवर एकाच वेळी कान आणि डोळा ठेवावा लागतो. ठेका कधी बदलायचा, हे कोणी सांगत नाही. समोरच्या माणसांच्या अंगावरून ते ओळखायचे असते. समोरच्याचे ऐकणे, त्याला तत्क्षणी प्रतिसाद देणे आणि स्वतःच्या शरीराची लय न सोडणे या तीन गोष्टी नाट्यवर्गाच्या पहिल्या वर्षात शिकवल्या जातात. केमच्या मुलाने त्या वर्गाबाहेर शिकून घेतल्या होत्या. त्या शिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हते, एवढेच.

दुसरी बाब चित्रपट या माध्यमाची. कॅमेऱ्यासमोरचा अभिनय तुकड्यातुकड्यांनी घडतो. काही सेकंदांचे एक दृश्य अनेकदा चित्रित करता येते, त्यांतले सर्वांत खरे वाटणारे निवडता येते, नको ती नजर संकलनात काढून टाकता येते. शिवाय भूमिका नटाच्या वयाची, बोलीची आणि परिसराची असेल, तर नटाने ओलांडायचे अंतर कमी राहते. याचा अर्थ काम सोपे असते असा नाही. पण त्या कामाचा मोठा भाग दिग्दर्शकाने उचललेला असतो. आणि या दिग्दर्शकाचे शिक्षण विद्यापीठातच झालेले आहे. मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केले आणि पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाची पदव्युत्तर पदवी घेतली. म्हणजे ज्या चित्रपटांचा दाखला 'विद्यापीठाची गरज नाही' असे सांगण्यासाठी दिला जातो, त्यांच्यामागे एका जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयाचा वर्ग उभा आहे. हे फारसे कोणी बोलत नाही.

याच जिल्ह्यातला दुसरा दाखला तुलनेसाठी उपयोगी पडतो. अतुल कुलकर्णी यांची रंगभूमीवरील सुरुवात सोलापुरातील हौशी नाट्यसंस्थेत झाली आणि १९९५ मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदविका पूर्ण केली. आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारित 'नटरंग' (२०१०) या चित्रपटात त्यांनी गुणा हा शेतमजूर साकारला. पैलवानी अंगाचा हा गडी तमाशाच्या ध्यासापायी 'नाच्या' होतो. या भूमिकेसाठी नटाला एकाच चित्रपटात दोन भिन्न शरीरे धारण करावी लागली. आधी भरलेले आणि मग वाळलेले, चाल वेगळी, मनगट वेगळे, आवाजाची पट्टी वेगळी. अवघडे याने जब्या साकारला तेव्हा तो स्वतःच्या जवळ राहिला. कुलकर्णी यांना गुणापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःपासून दूर जावे लागले. दोन्ही अभिनय अस्सल आहेत. मात्र दुसऱ्या प्रकारचा प्रवास शिक्षणावाचून क्वचितच साधतो, आणि साधला तरी पुन्हा साधेलच याची हमी नसते.

विद्यापीठात काय शिकवले जाते

भारतात अभिनयाचे औपचारिक शिक्षण प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर आकाराला आले. १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले आणि १९६२ पासून इब्राहिम अल्काझी यांच्या संचालकपदाच्या काळात त्याला शिस्तबद्ध रूप आले. महाराष्ट्रात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, पुणे विद्यापीठाचे १९८७ मध्ये स्थापन झालेले ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची २००३ मधील नाट्यकला अकादमी ही यातील महत्त्वाची ठिकाणे. ललित कला केंद्राला सतीश आळेकर यांच्यासारख्या नाटककाराचे नेतृत्व दीर्घकाळ लाभले. या संस्थांचे अभ्यासक्रम तपशिलात भिन्न असले, तरी त्यांचा सांगाडा सारखा आहे. आवाज, शरीर, संहिता आणि निर्मिती हे त्याचे चार खांब.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले, हे प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. परंतु ही विभागणी वर्गात प्रत्यक्ष कशी उतरते, ते पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. वाचिकाचेच उदाहरण घेता येईल. नवखा नट मोठ्याने बोलायचे म्हटले की गळा ताणतो, खांदे उचलतो आणि छातीच्या वरच्या भागात श्वास घेतो. त्यामुळे श्वास अपुरा पडतो, वाक्याचा शेवट गिळला जातो आणि तासाभरात आवाज बसतो. प्रशिक्षणात श्वासपटलाचा उपयोग करून खोल श्वास घेणे, तो वाक्याच्या अर्थानुसार वाटून खर्च करणे आणि आवाज न चढवता शेवटच्या रांगेपर्यंत 'फेकणे' हे महिनोन्महिने गिरवले जाते. डॉ. श्रीराम लागू हे व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते; त्यांनी 'वाचिक अभिनय' या नावाचे स्वतंत्र पुस्तकच लिहिले, यावरून या अंगाचे महत्त्व ध्यानात यावे.

येथे उजनीकाठच्या विद्यार्थ्याची बाजू वेगळी पडते. या विद्यार्थ्याला रानातून हाक मारण्याची सवय असते. मोटारीपाशी उभे राहून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला बोलावताना, किंवा पाण्यावरून होडीतल्या माणसाला साद घालताना गळा मोकळा सुटतो, स्वर लांबतो, व्यंजने मागे पडतात. शहरी विद्यार्थ्याला जे मोकळेपण सरावाने मिळवावे लागते, ते याच्याजवळ आधीपासून असते. उणीव निराळी असते. ही हाक एकाच उंच पट्टीत लागते. हळू बोलूनही ऐकू जाईल असा आवाज, म्हणजे नाटकातले कुजबुजणे, त्याला अपरिचित असते. अध्यापकाला हा फरक कळला, तर तो विद्यार्थ्याला पहिल्या पाठापासून आरंभ करायला लावणार नाही. जेथे तो अडतो तेथेच हात देईल.

संहितेच्या अभ्यासात नटाला प्रत्येक प्रवेशाविषयी काही प्रश्न विचारायला शिकवले जाते. हे पात्र येथे का आले, त्याला समोरच्याकडून काय हवे आहे, ते मिळवण्याच्या आड काय येते? ही पद्धत मुख्यतः मॉस्को आर्ट थिएटरचे संस्थापक स्तानिस्लावस्की यांच्यापासून आली. त्यांचा मूळ ग्रंथ के. नारायण काळे यांनी 'अभिनयसाधना' या नावाने मराठीत आणल्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो वाचता येतो. ग्रामीण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तो असतोच असे नाही.

या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो याने अभिनयावरील आपल्या संवादात, जो त्याच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये प्रकाशित झाला, एक अडचणीचा प्रश्न उपस्थित केला आहे. निव्वळ भावनेच्या उमाळ्यावर अभिनय करणारा नट पहिल्या प्रयोगात पेटून उठेल. पण तिसऱ्या प्रयोगाला त्याच्याकडे काय उरेल? एकांकिका स्पर्धांचे परीक्षण केलेल्या कोणत्याही अध्यापकाला याचा पडताळा आलेला असतो. प्राथमिक फेरीत सभागृह हलवून सोडणारा मुलगा अंतिम फेरीत कोरडा पडतो. तालमीत अश्रू आले होते, प्रयोगात येत नाहीत. मग तो ओरडतो. त्याची प्रतिभा गेलेली नसते. त्या क्षणापर्यंत पोहोचण्याची वाट त्याला ठाऊक नसते, कारण पहिल्यांदा तो तेथे अपघातानेच पोहोचला होता. विद्यापीठातील तीन किंवा दोन वर्षांचा काळ हा मुख्यतः ही वाट खुणा करून लक्षात ठेवण्यासाठी असतो. कोणत्या श्वासाने, कोणत्या हालचालीने, समोरच्या पात्राच्या कोणत्या शब्दाने तो भाव जागा होतो, याचा शोध घेणे आणि तो शोध दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहणे, हाच या अभ्यासक्रमांचा गाभा. काही आठवड्यांत 'ऑडिशन'ची तयारी करून देणाऱ्या खासगी वर्गांना हे परवडत नाही. तेथे चूक करायला वेळ नसतो.

बोलीचा प्रश्न

विद्यापीठीय शिक्षणाचा धोकाही येथूनच सुरू होतो. सवयींची तपासणी करता करता कोणती सवय दोष आणि कोणती संपत्ती, हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकाकडे जातो. मराठी नाट्यशिक्षणात 'उच्चारशुद्धी' या नावाखाली जे शिकवले जाते, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. एक म्हणजे स्पष्टता. अक्षर प्रेक्षकापर्यंत पोहोचले पाहिजे, याविषयी दुमत नाही. दुसरी म्हणजे प्रमाणता. 'पानी'चे 'पाणी', 'न्हाय'चे 'नाही', 'व्हय'चे 'होय' झाले पाहिजे. पहिली कलेची गरज आहे. दुसरी सामाजिक प्रतिष्ठेची बाब असून ती कलेच्या नावाने शिकवली जाते.

याचे परिणाम करमाळा किंवा इंदापूरहून शहरात गेलेल्या विद्यार्थ्यावर कसे होतात, हे अध्यापकवर्गाने पाहिलेले आहे. पहिल्या वर्षी तो वर्गात बोलतच नाही. दुसऱ्या वर्षी तो प्रमाण मराठी बोलू लागतो, पण ती जपून, अक्षर मोजून. आणि जपून बोलणाऱ्या माणसाला अभिनय करता येत नाही. तिसऱ्या वर्षी त्याला ग्रामीण पात्र दिले जाते तेव्हा तो रंगभूमीवरची ठरावीक 'ग्रामीण बोली' बोलतो, जी कोणत्याच गावात बोलली जात नाही. स्वतःची बोली तो तोवर विसरलेला नसतो, पण तिची त्याला लाज वाटू लागलेली असते.

मराठी रंगभूमीवर बोलीभाषा पूर्वी नव्हती असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'तू वेडा कुंभार'मध्ये ती गंभीर नाट्याची भाषा झाली, आणि वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने ती शहरी प्रेक्षकांपुढे मोठ्या यशाने उभी केली. तरीही दीर्घकाळ बोलीचे रंगमंचावरील स्थान गडी, मोलकरीण, हवालदार आणि विनोद यांपुरतेच राहिले. 'सैराट'ने केलेली गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. त्यात करमाळा परिसराची बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली. प्रेम, राग, उर्मटपणा, भीती हे सारे त्याच बोलीत व्यक्त झाले, आणि ती बोली न बोलणाऱ्या प्रेक्षकांनीही ती उचलली. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर लोकधर्मीला तिचे स्थान मिळाले. नाट्याच्या निर्णयासाठी भरताने जी तीन प्रमाणे सांगितली, त्यांत वेद आणि अध्यात्म यांच्याबरोबर 'लोक' हेही आहे, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही.

मात्र यातून दुसऱ्या टोकाला जाणेही योग्य नाही. गावाकडच्या नटाने गावाकडच्याच भूमिका कराव्यात, बोली हीच त्याची ओळख, अशी एक नवी चौकट चित्रपट-मालिकांच्या व्यवसायात तयार झाली आहे. आधी ज्या बोलीमुळे काम मिळत नसे, त्याच बोलीमुळे आता एकाच प्रकारचे काम मिळते. कुगावच्या मुलीला हॅम्लेटची आई किंवा तेंडुलकरांची बेणारेबाई करता यावी, यासाठी तिला प्रमाण मराठी आली पाहिजेच. प्रश्न क्रमाचा आणि वृत्तीचा आहे. आधी विद्यार्थ्याने स्वतःची बोली ध्वनिमुद्रित करून ऐकावी. वाक्याचा सूर कोठे चढतो, कोणता स्वर लांबतो, 'ण' कोठे 'न' होतो, नकार कोणत्या शब्दाने आणि कोणत्या हेलाने दिला जातो, याची नोंद करावी. बोली ही नियमबद्ध व्यवस्था आहे हे त्याला स्वतःच्या कानांनी कळावे. त्यानंतर प्रमाण मराठी त्याने एक भूमिका म्हणून शिकावी. अंगावरचे कपडे बदलावेत तशी. भाषाविज्ञान शिकवणारा मराठीचा अध्यापक येथे नाट्यशिक्षकाइतकाच उपयोगी पडू शकतो, ही बाब ज्या महाविद्यालयांत स्वतंत्र नाट्यविभाग नाही, त्यांच्या दृष्टीने दिलासा देणारी आहे.

मोडनिंबचे गुरुकुल

अभिनयाच्या अभ्यासासाठी पुण्या-मुंबईकडे पाहणाऱ्या या भागाच्या अगदी शेजारी एक जुनी अभिनयशाळा आहे. तिला कोणी शाळा म्हणत नाही. टेंभुर्णीहून सोलापूरकडे जाताना महामार्गावर लागणारे माढा तालुक्यातील मोडनिंब हे संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाते. संगीतबारी आणि ढोलकी फडाचा तमाशा यांत भेद आहे. फडाचा तमाशा गावोगावच्या यात्रांत तंबू ठोकतो. त्यात गण, गौळण, वग असतो. संगीतबारीत वेगवेगळ्या पार्ट्या एका थिएटरात मुक्कामाला असतात, आळीपाळीने आपली 'बारी' सादर करतात आणि नंतर रसिकांच्या फर्माईशीनुसार खासगी बैठकही होते. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' या पुस्तकाने हे जग मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडले आहे.

अभिनयाच्या अभ्यासकासाठी यातील सर्वांत मोलाचा भाग बैठकीच्या लावणीचा. येथे कलावतीला पायांचा आधार नसतो. ती बसलेली असते. तिच्याकडे डोळे, भुवया, मान, मनगट, बोटे आणि पदर एवढेच असते. लावणीची एक ओळ ती पुन्हा पुन्हा गाते आणि दर वेळी त्या ओळीचा निराळा अर्थ दाखवते. 'या' असे एकच क्रियापद आमंत्रण, रुसवा, टोमणा, विनवणी आणि निराशा या क्रमाने येऊ शकते. समोरच्या चार-पाच रसिकांपैकी कोण खुलला आणि कोण कंटाळला, हे पाहून ती पुढची अदा निवडते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या कलेच्या श्रेष्ठ प्रतिनिधी होत्या. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. नाट्यवर्गात जो 'एकच वाक्य दहा अर्थांनी बोला' असा सराव दिला जातो, त्याची याहून परिपक्व आवृत्ती शोधून सापडणार नाही. आणि दिदरोच्या प्रश्नाचे उत्तरही येथे आहे. कारण ही कलावती आज, उद्या आणि परवाही तीच ओळ गाणार असते.

१९९३ पासून अकलूज येथे भरू लागलेल्या लावणी स्पर्धेने या कलेला कुटुंबासह पाहण्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. विद्यापीठांनी मात्र तिच्याकडे मुख्यतः संशोधनाचा विषय म्हणून पाहिले. लावणीवर प्रबंध झाले, परिसंवाद झाले, प्रात्यक्षिकासाठी कलावतींना सन्मानाने बोलावले गेले, शाल-श्रीफळ दिले गेले. अभिनयाची शिक्षिका म्हणून त्यांना वर्ग सोपवण्याचा विचार अभावानेच झाला; पदवी नाही, ही अडचण नेहमी पुढे येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात औपचारिक शैक्षणिक अर्हतेपेक्षा किमान पंधरा वर्षांच्या व्यावसायिक अनुभवाला महत्त्व दिलेले आहे. म्हणजे नियमाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. उरली आहे ती संकोचाची. ज्या जातिसमूहांतून आणि ज्या व्यवसायातून या स्त्रिया येतात, त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः विद्यार्थिनींनी शिष्य म्हणून बसावे, हे पालकांना आणि संस्थाचालकांना पटेल काय, असा प्रश्न विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनी आधी स्वतःचे उत्तर द्यावयास हवे.

दोन काठ, दोन विद्यापीठे

आता महाविद्यालयांच्या प्रत्यक्ष स्थितीकडे यावे लागेल. उजनीच्या पाण्याने भूगोलाबरोबर शैक्षणिक सीमाही ठळक केली आहे. करमाळा आणि माढा तालुक्यांतील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ (आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) अस्तित्वात आल्यावर ती त्याच्याकडे आली. समोरच्या काठावरचा इंदापूर तालुका पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आहे. कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये केवळ पाणी आहे. लोक होडीने ये-जा करत आले आहेत, आणि मे २०२४ मध्ये याच मार्गावर होडी उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. बोली एक, सोयरिकी एक, पिके एक. मात्र कळाशीच्या विद्यार्थ्यासाठी ललित कला केंद्र हे स्वतःच्या विद्यापीठाचे केंद्र आहे आणि कुगावच्या विद्यार्थ्यासाठी ते दुसऱ्या विद्यापीठाचे, जेथे पात्रता व स्थलांतर प्रमाणपत्रांच्या पायऱ्या चढून जावे लागते. प्रवेश चाचणी होईपर्यंत असे काही केंद्र आहे हेच अनेकांना समजलेले नसते. जेऊर, केम, पारेवाडी ही पुणे-सोलापूर लोहमार्गावरची स्थानके असल्यामुळे पुणे अंतराने फार दूर नाही; माहितीने दूर आहे.

पूर्णवेळ पदवीसाठी जाणारे विद्यार्थी नेहमीच थोडे असणार. उरलेल्यांचा अभिनयाशी संबंध येतो तो युवा महोत्सवापुरता. महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी संघ निवडला जातो, मूकनाट्य, प्रहसन, एकांकिका यांची तालीम होते, पारितोषिक मिळाले तर छायाचित्र भित्तिपत्रकावर लागते आणि वर्षभर पुन्हा शांतता. १९६३ पासून पुण्यात होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी अनेक नट घडवले हे खरे. पण स्पर्धेची तयारी आणि अभ्यास यांत अंतर आहे. स्पर्धेत जो चांगला आहे त्यालाच घेतले जाते. अभ्यासात जो चांगला नाही त्यालाही घ्यावे लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये दिलेल्या श्रेयांक आराखड्यात सहशैक्षणिक अभ्यासक्रमांना स्थान असून, राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग यांच्याबरोबर प्रयोगकलांचाही त्यात समावेश आहे. प्रात्यक्षिकाच्या दोन श्रेयांकांचा अर्थ साठ तास असा होतो. बहुतेक ठिकाणी हे तास आधीच्याच उपक्रमांच्या नावावर भरून काढले जाण्याची शक्यता आहे. तसे न करता एका सत्रात हे साठ तास अभिनयाला दिले, तर त्यांत काय बसू शकते? पहिले वीस तास श्वास, आवाज आणि ऐकणे यांना. पुढचे वीस बोलीच्या ध्वनिमुद्रणाला आणि निरीक्षणाला, म्हणजे बाजारात, जेटीवर, उसाच्या फडात माणसे कशी उभी राहतात, वाटाघाट कशी करतात हे पाहून नोंदवहीत लिहिण्याला. आणि शेवटचे वीस एका छोट्या प्रवेशाला. रंगमंचाची गरज नाही. फरशी पुसलेली एक खोली पुरे.

वेळापत्रकाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, परंतु तोच निर्णायक आहे. नाटकाची तालीम महाविद्यालय सुटल्यावर करायची असते, अशी आपल्याकडे परंपरा आहे. जलाशयाकाठच्या गावांतून येणारी विद्यार्थिनी शेवटची एस.टी. चुकवू शकत नाही. परिणामी तालमीत उरतात ते तालुक्याच्या गावात राहणारे किंवा मोटारसायकल असलेले विद्यार्थी, आणि स्त्रीभूमिकेसाठी संहिताच बदलावी लागते. श्रेयांकांच्या चौकटीत हे तास दुपारच्या वेळापत्रकात आले, तर प्रथमच या मुलींना सबंध सत्र तालमीला थांबता येईल.

मूल्यमापन हा त्यानंतरचा प्रश्न. लेखी परीक्षेत चतुर्विध अभिनयावर टीप मागून काही साधणार नाही, आणि एकाच सादरीकरणावर गुण दिले तर पुन्हा स्पर्धाच होईल. विद्यार्थ्याने तीन मिनिटांचा एकच प्रवेश आठवड्याच्या अंतराने तीन वेळा करावा. एकदा स्वतःच्या बोलीत, एकदा प्रमाण मराठीत आणि तिसऱ्यांदा त्याला हव्या त्या भाषेत. गुण तिसऱ्या वेळेला द्यावेत, आणि त्या वेळी नोंदवही परीक्षकाच्या हाती असावी.